मातृभाषेच्या रकान्यात काय लिहू?

वाचकाचा प्रश्न

माहेर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, सासर फोंड्याजवळ. चौतीस वर्षांच्या या वाचक ताई बँकेत नोकरी करतात, त्यांना सहा वर्षांची मुलगी आहे. दोन्ही घरांत बोलणं कोंकणीतून. पण माहेरी वाचायचं, लिहायचं, आरत्या आणि भजनं म्हणायची ती मराठीतून. ताईंची शाळाही गावातली मराठी प्राथमिक शाळा. वडील जन्मभर मराठीच्या कामात राहिले आणि सासरे राजभाषा आंदोलनात कोंकणीच्या बाजूने रस्त्यावर उतरले होते. 2027 च्या जनगणनेची चर्चा सुरू झाल्यापासून माहेरच्या व्हॉट्सॲप गटात 'मातृभाषा मराठीच लिहा' असे निरोप फिरताहेत आणि सासरच्या गटात 'कोंकणी लिहिली नाही तर आईच्या दुधाशी बेइमानी' असे. वडिलांनी फोनवर विचारलं, "तू मराठी लिहिणार ना?" सासऱ्यांनी विचारलं नाही, त्यांनी गृहीतच धरलं आहे. ताई लिहितात: "मला दोन्ही माझ्या वाटतात. पण दोन्ही म्हटलं की दोन्हीकडची माणसं मी अर्धवट असल्यासारखं बघतात. एक लिहिली की दुसरी सोडली असं होणार. मुलीचं काय लिहायचं तेही कळत नाही. मी कोण आहे हे मलाच ठरवता येत नाही का?"

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

उत्तर

ताई, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे सदर मराठी आहे, मी मराठीत लिहिते आणि मराठीवर माझा जीव आहे. त्यामुळे मी तुम्हाला 'मराठी लिहा' असंच सांगेन, असं काही वाचकांनी धरलं असेल. मी तसं सांगणार नाही. 'कोंकणी लिहा' असा हुकूमही देणार नाही. माझं मत मात्र पुढे देणार आहे, कारण तुम्ही ते मागितलं आहे आणि हातचं राखून दिलेल्या सल्ल्याचा तुम्हाला उपयोग नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंत, 'मी कोण आहे?' जनगणनेचा अर्ज हे विचारतच नाही. तो काय विचारतो ते नीट बघू या, कारण दोन्ही गटांतल्या निरोपांनी नेमका तोच भाग झाकून टाकला आहे. जनगणनेच्या लेखी मातृभाषा म्हणजे आई त्या व्यक्तीशी बालपणी ज्या भाषेत बोलली ती भाषा. आई लवकर वारली असेल तर बालपणी घरात मुख्यतः बोलली गेलेली भाषा. तुमचं शिक्षण कशात झालं, पूजा कशात होते, कोणती भाषा श्रेष्ठ वाटते, यातलं काहीही त्या प्रश्नात नाही. त्यासाठी दुसरा प्रश्न असतो: मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी भाषा, दोनपर्यंत, जी जास्त चांगली येते ती आधी. त्या भाषा लिहिता-वाचता आल्याच पाहिजेत अशीही अट नाही. 2011 च्या जनगणनेत हे असंच होतं.

2011 च्या प्रगणकांना, म्हणजे घरोघर जाऊन माहिती लिहून घेणाऱ्यांना, दिलेल्या सूचना मी मुद्दाम तुमच्यासमोर ठेवते. माणूस जी भाषा सांगेल ती लिहायची. ती अमक्या भाषेची बोली आहे का, हे ठरवणं प्रगणकाचं काम नाही. धर्मावरून मातृभाषेचा अंदाज बांधायचा नाही. आणि कुटुंबप्रमुखाची भाषा तीच सगळ्यांची असं धरायचं नाही, प्रत्येक माणसाची वेगळी विचारायची. गोव्यासाठी यातली धर्माची सूचना फार मोलाची आहे. 'हिंदू असाल तर मराठी, ख्रिस्ती असाल तर कोंकणी' ही मांडणी तुमच्या माहेरच्या गटात नक्की कुणीतरी केली असेल. तिला सरकारी कागदावर जागा नाही आणि गोव्याच्या घरांतही ती कधी खरी नव्हती.

तुमच्याच पत्रातला चवथीचा प्रसंग इथे घेते. वर फळापानांची माटोळी बांधलेली, समोर गणपती, घुमट, शामेळ आणि कासाळे ही वाद्यं घेऊन मंडळी बसलेली, आणि वडील खणखणीत मराठीत आरत्या म्हणताहेत. मध्येच आतून आई विचारते, "नाल्ल खंय आसा?" आणि वडील ताल न सोडता हातानेच दाखवतात. आरती मराठी, नारळ कोंकणी. त्या क्षणी घरातल्या कुणालाही आपण भाषा बदलली असं वाटलं नाही. तुम्ही अर्धवट आहात ही भावना त्या घरात तयार झालेली नाही, ती नंतर बाहेरून आली. तेव्हा तुमच्या पत्रातलं पहिलं गृहीत मी मान्य करत नाही. एक भाषा लिहिली म्हणजे दुसरी सोडली असं होत नाही. गेली चौतीस वर्षं तुम्ही कोणतीही सोडलेली नाही, अर्जावरच्या एका ओळीने ती सुटणारही नाही.

आता तुमच्या वडिलांकडे आणि सासऱ्यांकडे येते. 'हे लोक माझ्या आयुष्यात का नाक खुपसतात' असं तुम्ही चिडून लिहिलं आहे. चीड योग्य आहे. तरीही त्यांचा हट्ट कुठून येतो हे समजून घेतलंत, तर त्यांच्याशी बोलणं सोपं जाईल.

तुमचे वडील सत्तरीचे. म्हणजे 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा ते शाळेत जायच्या वयाचे होते. मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव ज्या मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतल्याच एकीत ते शिकले असणार. पोर्तुगीज काळात ज्यांच्या घरी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, त्या बहुजन घरांतली मुलं त्या शाळांमधून शिक्षक झाली, कारकून झाली. त्या पिढीला मराठी ही नुसती भाषा वाटत नाही, आपण माणसांत आलो त्याची ती खूण वाटते. मग 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल आला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, यावर सुमारे 34 हजार मतांनी वेगळं राहण्याची बाजू जिंकली. तुमच्या वडिलांच्या घरात त्या रात्री काय वातावरण असेल, याची मी कल्पना करू शकते. पुढे मराठी शाळांमधली मुलं कमी होत गेली, शाळा बंद पडू लागल्या. एवढं सगळं पाहिलेल्या माणसाला लेकीने रकान्यात 'कोंकणी' लिहिणं हा घरातूनच झालेला पराभव वाटू शकतो.

सासऱ्यांची जखमही तितकीच खरी आहे. 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने हुकूम काढून कोंकणीवर बंदी घातली. सत्ता गेल्यावर आपलं म्हणवणारे लोक सांगू लागले की ही भाषाच नाही, मराठीची बोली आहे. साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं ते 1975 मध्ये. डिसेंबर 1986 च्या राजभाषा आंदोलनात सात जणांचा जीव गेला, 4 फेब्रुवारी 1987 ला राजभाषा कायदा झाला, 1992 मध्ये कोंकणी घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. आपण घरात जे बोलतो त्याला भाषा म्हणवून घेण्यासाठी ज्याला इतकं झगडावं लागलं, त्याला घरात कोंकणी बोलणारी सून अर्जात मराठी लिहिते हे पाहून काय वाटेल? तो रागावेल, आणि रागाच्या तळाशी अपमान असेल.

दोघांनाही आपली भाषा पुसली जाण्याची भीती वाटते, आणि दोघांच्याही भीतीला इतिहासाचा आधार आहे. त्यांचं चुकतंय ते एवढंच की आपल्या भीतीचं उत्तर त्यांनी तुमच्या अर्जात शोधलं आहे.

'आकड्यांना महत्त्व नाही' असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. 2011 मध्ये गोव्यात मातृभाषा कोंकणी सांगणारे सुमारे 66 टक्के होते आणि मराठी सांगणारे सुमारे 11 टक्के. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी असं घटनेचं कलम 350-क सांगतं, आणि अशा मागण्या करताना हे आकडे पुढे ठेवावेच लागतात. म्हणून भाषेची संघटना आपल्या लोकांना 'खरं आणि न विसरता लिहा' असं सांगत असेल, तर तिचं ते कामच आहे. पण 'काहीही असो, मराठीच लिहा' हे सांगणं वेगळं. आणि हेही लक्षात घ्या की गोव्यातलं मराठीचं कायदेशीर स्थान तुमच्या एका ओळीवर लटकलेलं नाही. 1987 च्या कायद्यात देवनागरी कोंकणी राजभाषा आहे आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. वडिलांना खरोखर चिंता असेल, तर ती गावच्या शाळेत पहिलीला किती मुलं बसली याची करावी. ती चिंता मीही त्यांच्याबरोबर करेन.

शिवाय आकडे कसे तयार होतात ते पाहिलंत तर या रकान्याचं ओझं थोडं हलकं होईल. लोकांनी सांगितलेली नावं पुढे सरकारी तक्त्यात मोठ्या भाषांखाली एकत्र केली जातात. 2011 मध्ये मालवणी सांगणाऱ्यांची गणती कोंकणीखाली झाली. सिंधुदुर्गातल्या ज्या घरांत मालवणी आणि मराठी यांत काही फरक आहे असं कुणाच्या मनातही येत नाही, तिथल्या माणसांनी 'मालवणी' सांगितलं आणि तक्त्याने त्यांना कोंकणीत नेलं. त्याने ती माणसं बदलली नाहीत.

दोन्ही भाषा पूर्णपणे जगलेली माणसं गोव्याला नवी नाहीत. बा. भ. बोरकर मराठीतले मोठे कवी, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना कोंकणी कवितेसाठी मिळाला. ज्ञानपीठ मिळवणारे कोंकणी लेखक रवींद्र केळेकर, कोंकणीसाठी हयात घालवली, तरी मराठीतही लिहिलं. त्यांनाही कमी बोलणी बसली नाहीत. पण त्यांना कुणी अर्धवट म्हणेल का?

आता मला तुमच्या पत्रात खटकलेली गोष्ट. वडील आहेत, सासरे आहेत, दोन गट आहेत, नवऱ्याचं 'तुला हवं ते कर' आहे. आई जवळजवळ कुठेच नाही. ती एका वाक्यात येते, 'आईशी आम्ही कोंकणीतच बोलतो', आणि नाहीशी होते. प्रश्न आहे आई तुमच्याशी कशात बोलली याचा, आणि आईला तो कुणी विचारलेलाच नाही! घाई करू नका, पण एकदा त्यांच्याशी बोला. तुम्हाला झोपवताना त्या काय म्हणायच्या, रागावायच्या कशात, त्यांची आई त्यांच्याशी कशात बोलायची, हे विचारा. त्या कदाचित म्हणतील, 'बाबांना वाईट वाटेल असं नको लिहू.' तेही ऐकून घ्या, पण ते मूळ प्रश्नाचं उत्तर नाही हे ध्यानात ठेवा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून माझं मत असं: मातृभाषा कोंकणी, आणि इतर भाषांत पहिली मराठी. विचारलेल्या प्रश्नाचं हे मला सर्वांत खरं उत्तर वाटतं. त्यात तुमच्या दोन्ही भाषा कागदावर येतात. 'मराठी ही दुसरी भाषा' हा मुद्दाही दुबळा नाही. उत्तम मराठी येणारी, पण घरी कोंकणी बोलणारी किती माणसं गोव्यात आहेत हे कळणं मराठीच्याच हिताचं आहे. नुसत्या मातृभाषेच्या आकड्यात ती माणसं दिसत नाहीत.

तरीही आईशी बोलल्यावर, विचार केल्यावर, तुम्हाला मनापासून वाटलं की माझी मातृभाषा मराठीच, तर मराठी लिहा. कायदा प्रत्येकाकडून 'माझ्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे' एवढंच उत्तर मागतो. अनेक घरांत आईचं बोलणं मिश्र असतं, आणि कोणती भाषा मुख्य हे ठरवण्याचा हक्क त्या घरात वाढलेल्या माणसाचाच. मी विरोध करेन तो फक्त एका गोष्टीला: स्वतःला एक खरं वाटत असताना, केवळ फोनवरचा प्रश्न टाळायचा म्हणून दुसरं लिहिणं. तसं केलंत तर वडील खूश होतील किंवा सासरे, पण वर्षानुवर्षं चवथीला आरतीला उभ्या राहाल तेव्हा ते तुम्हालाच बोचत राहील.

आणखी एक वाट आहे, जी तुम्हाला सुचलेली दिसत नाही: लिहायचं आणि कुणाला सांगायचंच नाही. 1948 च्या जनगणना कायद्याप्रमाणे तुमची माहिती गोपनीय असते. ती कुणाला पाहायला मिळत नाही, न शेजाऱ्याला, न संघटनेला. ज्या घरांत उत्तरावरून बोलणं बंद होण्याची, पोरीला घराबाहेर काढण्याची भीती आहे, तिथे मी हीच वाट सुचवेन. तुमच्या पत्रावरून तुमची माणसं तशी वाटत नाहीत. ती रुसतील, पण तुटणार नाहीत. म्हणून तुम्ही बोलावं असं मला वाटतं.

वडिलांशी बोलताना 'तुमची मागणी चूक आहे' इथून सुरुवात करू नका. त्यांनी तुम्हाला मराठीत काय दिलं ते आधी सांगा, नेमकं सांगा: कोणतं पुस्तक हातात दिलं, कोणत्या जत्रेतल्या नाटकाला खांद्यावर बसवून नेलं. मग सांगा की अर्जात आईच्या बोलण्याबद्दल विचारतात, आणि दुसऱ्या ओळीत मी मराठी पहिली लिहिणार आहे. आणि त्याच बोलण्यात एखादी कामाची गोष्ट जोडा. नातीला आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर मराठी गोष्ट वाचून दाखवायला सांगा. ज्याने आयुष्य भाषेसाठी खर्च केलं त्याला हाती काम मिळालं की वाद घालायची गरज कमी होते.

सासऱ्यांशी बोलणं अर्ज भरण्याआधीच व्हायला हवं, त्याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. प्रगणक दारात आला की बहुतेक घरांत मोठा माणूसच सगळ्यांची उत्तरं देतो. तुमच्या घरात ते सासरे असणार. तुम्ही बँकेत असाल आणि तुमची ओळ ते भरून टाकतील, कदाचित 'इतर भाषा' हा प्रश्न घाईत सुटूनही जाईल. या वेळी ऑनलाइन स्वतः माहिती भरण्याची सोय आहे, तिचा उपयोग करून एका संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून अर्ज भरा. प्रत्येकाने आपापली भाषा स्वतः सांगायची, एवढाच नियम ठेवा. सासऱ्यांची मराठीही चांगली आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या 'इतर भाषां'त मराठी लिहिली जाते का, हेही हसतखेळत विचारा.

दोन्ही गटांत उत्तर देऊ नका. गटावर टाकलेलं वाक्य पुढे कुठे फिरेल सांगता येत नाही, आणि तिथे तुमचा निर्णय म्हणजे कुणाचा तरी विजय ठरेल. कुणी थेट विचारलंच तर 'आईने जे शिकवलं ते लिहिलं' एवढं पुरे. जास्त ताणलं तर त्या माणसाला त्याच्या घरी मुलं कोणत्या भाषेत बोलतात ते विचारा. गोव्यात काय आणि पुण्यात काय, सध्या या प्रश्नावर बरेच आवाज एकदम खाली येतात.

हेच ओझं वाहणारे आणखी वाचक आहेत. बेळगावात घरी मराठी आणि शाळेत कन्नड असलेली मुलं, तंजावरची पिढ्यान् पिढ्या मराठी राखलेली कुटुंबं, पुण्या-मुंबईतली आंतरभाषिक लग्नं. त्यांनाही मी हेच सांगेन की आधी प्रश्न पूर्ण वाचा, दुसऱ्या भाषांचा रकाना कोरा सोडू नका आणि घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारा. ज्यांना मालवणी, अहिराणी किंवा दुसरी कोणती बोली आपली वाटते, त्यांनी तिचं नाव लाज न बाळगता सांगावं. प्रगणकाने ते तसंच लिहायला हवं.

राहिला मुलीचा प्रश्न. तिची मातृभाषा म्हणजे तुम्ही तिच्याशी ज्या भाषेत बोलता ती. आजोबांच्या संघटनेची भूमिका तिथे लागत नाही आणि सासरच्या गटाचीही नाही. पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की तिच्याशी तुम्ही 'कोंकणी आणि बरंचसं इंग्रजी' बोलता. ताई, रकान्यात काय लिहावं यावर तुम्ही चार पानं लिहिलीत आणि या 'बरंचसं'वर एक शब्दही नाही. मला काळजी वाटते ती त्याची. एक आठवडा सहज लक्ष ठेवून बघा: उठवताना, वेणी घालताना, रागावताना, अभ्यास घेताना तुम्ही तिच्याशी काय बोलता. कोंकणी टिकवायची असेल तर ती या वेळांना लागेल. मराठी हवी असेल तर तिला वाचायला बसवावं लागेल, आणि त्यासाठी आजोबा तयारच आहेत. अर्जाचं उत्तर त्यानंतर द्या, फेब्रुवारी 2027 पर्यंत वेळ आहे.